डावीकडची नस

आधीच सांगून ठेवतो. ह्यात संडास, लघवी आणि नवरा-बायको ह्या तिन्ही गोष्टी येणार आहेत. ज्याला वाचताना लाज वाटेल त्याने इथंच थांबावं. मीही लाजलो होतो, आणि त्या लाजेपायी माझं काय व्हायची पाळी आली होती तेच सांगायला बसलोय.

मी वायरमन. वय एक्कावन्न. सत्तावीस वर्षं लाईटच्या खात्यात काढली, त्यातली निम्मी आरे-वारेच्या बाजूला, किनाऱ्याच्या लाईनवर. खाऱ्या वाऱ्याने तिथं तारा गंजतात, लोखंड सडतं, त्यामुळे मला काम कधी कमी पडलं नाही. अंगाने काटक आहे. ताप असला तरी खांबावर चढायचो. दवाखान्याशी संबंध म्हणजे पत्रा लागला की धनुर्वाताचं इंजेक्शन, बस्स.

गंज

संडासातून रक्त पडायला लागलं तेव्हा मूळव्याध आहे असं ठरवून मी मोकळा झालो. ठरवलं मी, डॉक्टरने नाही. दिवसभर मोटरसायकलवर फिरणाऱ्याला होतेच ती, असं ऑफिसातले सगळे म्हणत. सुरण खाल्लं, ताक प्यालो, कुणी कुणी दिलेल्या पुड्या घेतल्या. असे आठ महिने गेले. बायकोला मी सांगितलंच नव्हतं. वैजयंती तिचं नाव. तिला कळलं ते माझी खाकी पँट धुताना.

"हा डाग कसला?" तिने विचारलं.

"गंज असेल."

"गंज पाण्यात असा लाल सुटत नाही हो," ती म्हणाली. आणि तिसऱ्या दिवशी मला मोटरसायकलवर बसवून, म्हणजे मी पुढे आणि ती मागे, पण नेलं तिनेच, रत्नागिरीतल्या डॉक्टरांकडे घेऊन गेली.

डॉक्टरांनी मला कुशीवर झोपवून बोटाने तपासलं. एक मिनिटसुद्धा लागलं नाही. मी आत गेल्यापासून ते यंदाच्या मोहोराबद्दल बोलत होते. हातमोजा काढताना एकदम गप्प झाले. "मूळव्याध नाही, गाठ आहे," म्हणाले. मग दुर्बीण झाली, तुकडा काढून तपासायला गेला, आणि आठ दिवसांनी रिपोर्ट आला. गुदाशयाचा कॅन्सर.

मी विचारलं, "हा रिपोर्ट माझाच ना? बघा जरा नीट." डॉक्टरांनी कागद वळवून माझ्यापुढे धरला. नाव माझं, वय माझं. वडिलांचं नावही बरोबर.

बाहेर आलो, मोटरसायकल चालू केली आणि निघालो. मारुती मंदिराच्या सर्कलला पोचलो तेव्हा लक्षात आलं की मागची सीट रिकामी आहे. बायकोला दवाखान्याच्या दारात सोडून मी निघून आलो होतो! इतक्या वर्षांच्या संसारात असं कधी झालं नव्हतं. परत फिरलो. ती पायरीवर उभी होती, फाईल पोटाशी धरून.

"आलात?" एवढंच म्हणाली आणि मागे बसली. घरी पोचेपर्यंत तिचा हात माझ्या खांद्यावर होता, आणि तो किती घट्ट होता हे मला दुसऱ्या दिवशी खांदा दुखला तेव्हा कळलं.

घाटावर

उपचार कोल्हापूरला. आधी पाच आठवडे रेडिएशन, ज्याला तिथले सगळे पेशंट शेक म्हणतात, आणि त्याच्याबरोबर केमोच्या गोळ्या. गाठ आटली की ऑपरेशन. हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत एक खोली भाड्याने घेतली. वैजयंती स्टोव्हवर भात-आमटी करायची आणि मी भिंतीकडे बघत बसायचो.

शेकाचं मशीन बघून मी त्या टेक्निशियनला पहिल्याच दिवशी विचारलं, सप्लाय किती लागतो, लाईट गेली तर काय करता. तो वैतागला. पण मला तेवढाच आधार होता. ज्या गोष्टीतलं मला कळतं ती गोष्ट विचारली की बाकीचं, जे कळत नव्हतं, ते थोडा वेळ लांब राहायचं. शेकाने खालची कातडी जळाल्यासारखी झाली, बसता येईना. बाकड्यावर आम्ही सगळे एकेका कुल्ल्यावर तिरके बसायचो आणि कोण डावा, कोण उजवा यावरून एकमेकांची चेष्टा करायचो. हसू यायचं, खरंच यायचं. तिथं मला कुणी "धीर धरा" म्हटलं नाही, त्यामुळे बरं वाटायचं.

तो प्रश्न

मग दोन महिने घरी, आणि मग ऑपरेशनसाठी परत कोल्हापूर.

आमच्याकडे पेशंट ऑपरेशनला एकटा जात नाही. गाडी भरून जातो. नाहीतर लोक म्हणतील, ह्याला माणसं नाहीत. बायको होतीच, शिवाय माझी थोरली बहीण अक्का, मेव्हणा विलास, म्हणजे वैजयंतीचा भाऊ, आणि आणखी चौघं. डॉक्टरांच्या खोलीत सातजण कसे मावणार? म्हणून चौघांना नर्सने बाहेर बसवलं आणि अक्का, विलास, वैजयंती माझ्याबरोबर आत आली. आई गेल्यावर ह्या अक्कानेच मला वाढवलेलं. तिच्यासमोर मी अजून बिडी ओढत नाही.

सर्जन बाई होत्या. वयाने माझ्या भाचीएवढ्या. त्यांनी कागदावर चित्र काढलं. ऑपरेशन दुर्बिणीतून, पोटाला चार-पाच भोकं पाडून. गाठीचा भाग काढायचा, आतडं परत जोडायचं, आणि जोड भरेपर्यंत तीनेक महिने पोटावर पिशवी. हे सगळं मला आधी सांगून झालं होतं. पुढचं मात्र मी पहिल्यांदा ऐकत होतो.

"गाठ डावीकडे सरकलेली आहे," त्या म्हणाल्या. "तिथून दोन कामांच्या नसा जातात. रक्ताच्या नाहीत, निरोप नेणाऱ्या. सुतासारख्या बारीक. एक काम लघवीचं, दुसरं नवरा-बायकोच्या संबंधांचं."

अक्काने पदर डोक्यावरून आणखी पुढे ओढला.

"उजवीकडची नस बहुतेक वाचेल. डावीकडची गाठीला चिकटली असेल तर मी ती कापणारच, कॅन्सर मागे ठेवणार नाही. पण नुसती शेजारी असेल तर दोन रस्ते आहेत. सगळं एकत्रच काढायचं, ते लवकर होतं. नाहीतर नस हळूहळू सोडवत जायचं आणि मध्ये मध्ये तिला बारीक करंट देऊन बघायचं. लघवीच्या पिशवीत दाब मोजणारी नळी असते, खालच्या स्नायूत सुया असतात. नस जिवंत असेल तर स्क्रीनवरची रेघ उठते. त्याला दोन-तीन तास जास्त लागतात, भूलही तितकीच जास्त. एका बाजूच्या नसेवर लघवी बहुतेकांची चालते. दुसऱ्या गोष्टीसाठी दोन्ही बाजू असलेल्या बऱ्या. म्हणून विचारते. तुमचे संबंध सध्या कसे आहेत?"

मी हबकलोच. कॅन्सर ऐकून हबकलो नव्हतो तेवढा. विलासने खिशातून मोबाईल काढला आणि बंद पडलेल्या स्क्रीनकडे टक लावून बघत बसला. अक्का जमिनीकडे. कानशिलं तापली माझी.

"छे हो बाई!" मी म्हटलं. "एक्कावन्न वय झालं. ते सगळं कधीच बंद झालं. काय ती नस असेल ती टाका काढून." आणि वर हसलोसुद्धा.

विलासही हसला, सुटल्यासारखा. "भावोजींना आता नातवंडं खेळवायची आहेत," म्हणाला. अक्का म्हणाली, "आता देवाचं नाव घ्यायचं, बाकी कशाला हवं?"

खोटं होतं ते. साफ खोटं. बंदबिंद काही झालेलं नव्हतं. आजार कळला त्या आठवड्यापर्यंत आम्ही नवरा-बायको नवरा-बायकोसारखेच होतो, आणि मला त्याचा आनंद होता. पण ते बहिणीसमोर, मेव्हण्यासमोर, भाचीएवढ्या बाईला कसं सांगणार? डॉक्टरबाईंनी एकदा वैजयंतीकडे बघितलं. ती त्या कागदावरच्या चित्राकडे बघत होती, तिने मान वर केली नाही. बाईंनी फॉर्मवर काहीतरी लिहिलं आणि आम्ही बाहेर आलो.

दुपारी मला खाट दिली. पोट साफ करायचं ते औषध प्यायला लावलं, आणि मी खाट ते संडास अशा फेऱ्या घालायला लागलो. मध्येच वैजयंती म्हणाली, "मी जरा गोळ्यांचं विचारून येते," आणि अर्धा तास गेली. ती आल्यावर मी तिच्यावर ओरडलो, एवढा वेळ लागतो का गोळ्या विचारायला. ती माझी चादर सारखी करत बसली.

सकाळी

सकाळी डॉक्टरबाई आल्या. विलास माझ्याजवळ होता, त्याला त्यांनी कसलातरी कागद आणायला खाली पाठवलं. वैजयंतीला म्हणाल्या, "तुम्हीही जरा बाहेर थांबा." पडदा ओढला आणि स्टुलावर बसल्या.

"काल तुम्हाला सगळ्यांसमोर विचारलं, ती माझी चूक झाली," म्हणाल्या. "आता इथं कोणी नाही. परत विचारते."

आता तुम्हाला माझ्या धंद्यातलं सांगायला हवं. आमच्यात एकच नियम असा आहे की जो मोडला तर माणूस मरतो. कुणी कितीही छातीठोक सांगो लाईन बंद आहे म्हणून, तुम्ही स्वतः तपासल्याशिवाय तारेला हात लावायचा नाही. आणि चालू लाईनला बंद म्हणून सांगायचं नाही, कधीच नाही, थट्टेतही नाही. वीस वर्षांपूर्वी माझा जोडीदार इब्राहिम नुसत्या अंदाजाने "बंद आहे" म्हणाला होता. मीही घाईत तपासलं नाही. खांबावरून फेकला गेलो. खाली वाळू होती म्हणून वाचलो. शुद्धीवर आल्याबरोबर मी त्याच्या थोबाडीत दिली होती. त्यानंतर आमची दोस्ती जास्तच घट्ट झाली हे वेगळं, पण थोबाडीत दिली होती.

आणि मी काल काय केलं होतं? जी बाई माझ्या अंगात हात घालणार, तिला मी चालू असलेलं बंद म्हणून सांगितलं होतं. तेही हसत हसत!

"बाई, खोटं बोललो," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"म्हणजे आहे. सगळं आहे अजून." माझ्या कानांना चटके बसत होते.

त्या हसल्या नाहीत. फॉर्मवरचं खोडून नवीन लिहिलं, मला वाचून दाखवलं, माझी सही घेतली. "मग मी प्रयत्न करते. वचन देत नाही. कॅन्सर आधी."

"कॅन्सर आधी," मी म्हटलं. मग न राहवून विचारलं, "करंट किती देता?"

"अगदी थोडा. मिलीअँपमध्ये."

"आणि अर्थिंग?"

तेव्हा मात्र त्या खळखळून हसल्या. "ते बघायला वेगळा माणूस आहे. तुम्ही झोपा निवांत."

रेघ उठली, लघवी नाही

जाग आली तेव्हा नाकात नळी, पोटात नळी, लघवीची नळी, आणि पोटाच्या उजव्या बाजूला पिशवी. पिशवीचं मला माहीत होतं. तरी हात लागला तेव्हा मी ओरडलो. आपलं आतडं आपल्याच पोटावर बाहेर, लाल, ओलं, आणि हलणारं! कितीही सांगा, मनाची तयारी होत नाही. माझी तरी झाली नाही.

विलास म्हणाला, "भावोजी, सकाळी नेलंनी तो पार दिवस कलला. अक्काची जपमाळ तुटायची वेळ आली." वैजयंतीने दिवसभर पाण्याचा घोट घेतला नव्हता. हे तिने नाही, अक्काने सांगितलं.

डॉक्टरबाई आल्या, डोळे सुजलेले होते त्यांचे. "गाठ पूर्ण निघाली. डावीकडची नस शेजारी होती, चिकटलेली नव्हती. सोडवायला वेळ लागला. शेवटी दोन्हीकडे करंट देऊन बघितला. दोन्हीकडे रेघ उठली."

मी डोळे मिटले आणि रडलो. नर्स म्हणाली दुखतंय का. मी नाही म्हटलं.

पाचव्या दिवशी लघवीची नळी काढली. मी खुशीत. दोन तांबे पाणी प्यालो. तास गेला, दोन गेले. काही नाही. नळ सोडून आवाज ऐकत उभा राहिलो. काही नाही. ओटीपोट टम्म झालं, अंगाला कापरं भरलं. चार तासांनी परत नळी घातली, आणि घातल्याबरोबर भडाभडा पिशवी भरली. म्हणजे लघवी होती, फक्त मला सोडता येत नव्हती.

माझं डोकंच फिरलं. डॉक्टरबाई राऊंडला आल्या तर मी सगळ्या वॉर्डासमोर ओरडलो, "खोटं आहे तुमचं मशीन! रेघ उठली म्हणता, मग हे काय?"

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मशीन खोटं नाही. पण ते एवढंच सांगतं की टेबलावर नस जिवंत होती. तिला ओढ बसली आहे, सूज आहे, ती दबून बसली आहे. जागी कधी होईल ते कुठलंच मशीन सांगत नाही."

"आणि नाही झाली तर?"

"तर नळीने लघवी काढायला शिकायचं. आणि दुसऱ्या गोष्टीचं..." त्या थांबल्या. "त्याला आणखी वेळ लागतो. थांबावं लागेल."

वॉर्डात त्या दिवसापासून माझ्याशी कुणी बोलेना. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने मात्र जेवताना आपली केळी माझ्याकडे सरकवली. "ओरडलात ते बरं केलंत," म्हणाला. "माझ्याने होत नाही हो ओरडणं."

दोन पिशव्या

घरी आलो तो दोन पिशव्या घेऊन. एक पोटावर, एक मांडीला बांधलेली. लुंगीखेरीज काही नेसता येईना. अंगणात बसायची लाज वाटायची. वाडीतली माणसं यायची, बघायची, आणि नको ते बोलायची. एक बाई तर म्हणाली, "आमच्या चुलत्याला पण अशीच पिशवी होती हो, गेला बिचारा." वैजयंतीने तिला चहासुद्धा विचारला नाही.

इब्राहिम रोज संध्याकाळी यायचा. मला पिशवी रिकामी करायची असली की तो माझ्याकडे पाठ करून पडवीत बसायचा, पण बोलणं थांबवायचा नाही. कुठला ट्रान्सफॉर्मर उडाला, कुठं माडाची झावळी तारेवर पडली, नवा साहेब कसा आहे. पाठ करून बोलणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला. त्याचे उपकार कसे फेडू कळत नाही.

घरात मात्र मी वाईट वागलो. दोन आठवड्यांनी रत्नागिरीत परत नळी काढून बघितली, परत तेच. परत घातली. त्या दिवशी वैजयंती माझी मांडीची पिशवी रिकामी करत होती. मी म्हटलं, "आता तुला काय उपयोग माझा?"

तिने पिशवी ठेवली, हात धुतले, आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "उपयोगासाठी ठेवलंय का मी तुम्हाला? फावडं आहात की कोयती?" मग माजघरात गेली. मी तिच्या रडण्याचा आवाज ऐकला आणि उठून गेलो नाही. का गेलो नाही? मला भीती वाटत होती. नस मेली असेल तर हे असंच राहणार, आणि मी त्या माजघरात जाऊन तिला काय सांगणार होतो?

पाच आठवडे झाल्यावर तिसऱ्यांदा नळी काढली. डॉक्टर म्हणाले, घरी जाऊन बघा, नाहीच झाली तर संध्याकाळपर्यंत परत या. मी पाणी प्यालो, पण बेताने. नळबिळ काही सोडला नाही. न्हाणीघरात जाऊन उभा राहिलो, भिंतीला हात टेकून. बरीच मिनिटं काही नाही. मग एक थेंब. मग दोन. मी श्वास रोखला. आणि मग अशी बारीक धार लागली, थांबली, परत लागली, आणि चक्क आवाज करत पडायला लागली.

"वैजू!" मी जोरात हाक मारली.

ती धावत आली. मी पडलो असं वाटलं तिला. दाराबाहेरून ओरडली, "काय झालं हो? काय झालं?"

"ऐक!"

ती दाराबाहेर उभी राहून ऐकत राहिली. पूर्ण संपेपर्यंत. मी दार उघडलं तेव्हा तिने तोंडात पदर कोंबला होता आणि खांदे हलत होते. हसत होती की रडत होती, अजून मला माहीत नाही. मी विचारलंही नाही. दोघंही न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसून राहिलो. शेजारीण कोथिंबीर मागायला आली, ती आम्हाला बघून तशीच मागे फिरली.

घाटमाथ्यावर

चार महिन्यांनी पोटावरची पिशवी गेली. संडासाचा त्रास अजून आहे, सकाळी चार-पाचदा जावं लागतं, बाहेर पडताना आधी संडास कुठं ते बघतो. खांबावर चढू देत नाहीत, ऑफिसात बसवलंय. चिडचिड होते, पण पगार चालू आहे.

परवा तपासणीला कोल्हापूरला गेलो. ह्या वेळी गाडी भरून नाही, आम्ही दोघंच, एसटीने. अक्का रागावली. रागावू दे म्हटलं.

डॉक्टरबाईंनी रिपोर्ट बघितले. सगळं स्वच्छ. मग त्यांनी तोच प्रश्न विचारला. ह्या वेळी मी खाली बघितलं नाही. म्हटलं, "पूर्वीसारखं नाही. पण मेलेलंही नाही. थोडं थोडं आहे." वैजयंती माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली होती. तिचे कान लाल झाले, पण ती उठून गेली नाही. बाईंनी एक गोळी लिहून दिली, घाई करू नका म्हणाल्या, अजून सुधारतं.

येताना एसटी घाटमाथ्यावर चहाला थांबली. मी खुशीत होतो. म्हटलं, "बाई हुशार गो. त्या दिवशी माझ्या नुसत्या तोंडावरून ओळखलंन तिने मी खोटं बोलतोय ते. सकाळी बरोबर एकटं गाठून विचारलंन."

वैजयंती चहावर फुंकर मारत होती. "तोंडावरून कशी ओळखेल?" म्हणाली. "मी सांगितलं तिला."

"काय?"

"मी गोळ्यांचं विचारायला गेले होते ना, तेव्हा."

ही बाई, जी बाजारात मी मासेवालीशी भाव करत असताना माझ्या मागे उभी राहते, अजून चारचौघांत मला नावाने हाक मारत नाही, ती एकटी त्या खोलीत गेली होती?

"काय सांगितलंस तू तिला?"

"म्हटलं, ते खोटं बोलले. माणसं होती म्हणून बोलले. उद्या त्यांना एकट्याला विचारा." तिने कप खाली ठेवला. "तर ती म्हणाली, आणि तुम्हाला काय वाटतं?"

"मग?"

"मग काय? म्हटलं, मला हवंय."

मी बघतच राहिलो. ड्रायव्हरने हॉर्न दिला, माणसं गाडीत चढायला लागली.

"तुम्ही आपलं एकट्याचंच बंद आहे म्हणून सांगून मोकळे झालात," ती म्हणाली. "मला कुठं विचारलंत?"

आणि पिशवी उचलून गाडीकडे चालायला लागली. मी मागून. घाट उतरून साखरपा आला. खिडकीकडे ती होती, तिचा हात मी माझ्या हातात घेतला, भर एसटीत, आणि तिने काढून घेतला नाही.

तर ज्यांच्या नशिबी हे आलंय त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. डॉक्टरकडे जाताना माणसं घेऊन जा, लागतात. पण तो प्रश्न आला की सगळ्यांना बाहेर काढा. बायको सोडून.